दळण कुणाच्या गिरणीत?

वाचकांचे प्रश्न : मध्ययुगीन इंग्लंड आणि त्याचं साहित्य

प्रश्न : बाई, मागल्या अंकात तुम्ही इंग्लंडातले सरदार, किल्ले, शूरांची काव्यं यांवर लिहिलं. वाचलं, आवडलं. पण माझा प्रश्न साधा हाय. त्या काळात तिथं आमच्यासारखा रानात राबणारा माणूस काय खात होता, कुणाच्या हुकमाखाली होता, आणि त्याच्याबद्दल कुणी काय लिहून ठेवलंय का नाही?
– एक शेतकरी वाचक, ता. शिरोळ

उत्तर : लिहून ठेवलंय, आणि फार जीव ओतून लिहून ठेवलंय. आधी खाण्याचं सांगते.

विल्यम लँगलंड नावाच्या कवीचं ‘पिअर्स प्लाऊमन’ हे दीर्घकाव्य आहे. पिअर्स हा नांगरणारा शेतकरी. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं हे काव्य लँगलंड वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लिहीत राहिला. त्याचे तीन पाठ आज मिळतात. त्यात भूक हे चालतं-बोलतं पात्र आहे. कामचुकारांना वठणीवर आणायला पिअर्स भुकेला बोलावतो. काम झाल्यावर तिला जा म्हणतो, तर ती म्हणते, जेवल्याशिवाय हलणार नाही. मग पिअर्स घरात काय आहे ते सांगायला लागतो. कोंबडी, हंस, डुक्कर घ्यायला माझ्याकडे एक पेनीसुद्धा नाही. ताजं चीज आहे दोन तुकडे, थोडं दही, साय, ओटची एक भाकरी, आणि पोरांसाठी कडधान्याच्या पिठात कोंडा मिसळून भाजलेले दोन पाव. खारवलेलं मांस नाही. परड्यात कांद्याची पात आणि कोबी आहे. एक गाय, एक वासरू, आणि रानात शेणखत ओढायला एक घोडी. एवढ्यावर ऑगस्टपर्यंत काढायचं, मग सुगी येईल.

तुम्ही शेतकरी आहात, म्हणून यातला एक बारकावा तुमच्या लगेच ध्यानात येईल. हा हिशेब सुगीच्या आधीच्या महिन्यांचा आहे, कणगी तळाला गेलेली असते तेव्हाचा. शेतकऱ्याच्या घरात डोकावल्याशिवाय हे कळत नाही.

आता हुकमाचं. पुष्कळसे शेतकरी हे बांधील कूळ होते. सरदाराच्या किंवा मठाच्या जमिनीवर राहायचं, त्याबदल्यात आठवड्यातले ठरलेले दिवस त्याच्या रानात फुकट राबायचं. मुलीचं लग्न करायचं तर मालकाला पैसे भरायचे. घरातला कर्ता मेला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर मालकाचं. उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चचा. आणि दळण मालकाच्याच गिरणीत न्यायचं. पाण्यावर किंवा वाऱ्यावर चालणारी ती गिरणी मालकाची, त्यामुळं प्रत्येक पोत्यातलं माप त्याचं. घरी जातं ठेवायला बंदी.

या जात्याची एक हकीकत मी सविस्तर सांगणार आहे. लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्स नावाचं गाव आहे. तिथं मोठा मठ होता आणि गाव मठाच्या मालकीचं. गावकऱ्यांनी घरोघरी जाती बसवली, चोरून नव्हे, हक्क म्हणून. १३३०च्या सुमारास रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड या मठाधिपतीनं ती सगळी जप्त केली. हा रिचर्ड स्वतः लोहाराचा मुलगा, पुढं मोठा गणिती झाला. ग्रहताऱ्यांची गती दाखवणारं प्रसिद्ध घड्याळ त्यानंच मठात उभं केलं. एवढ्या बुद्धीच्या माणसानं त्या जप्त केलेल्या जात्यांच्या तळ्या मठाच्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवल्या. ज्यांची जाती गेली त्यांना मठात काही कामानं यावं लागलं, तर आपल्याच जात्याच्या दगडावर उभं राहून अर्ज करायचा.

ही गोष्ट गाव पन्नास वर्षं विसरलं नाही. १३८१च्या जूनमध्ये बंड उठलं तेव्हा लोक त्या खोलीत घुसले, दगड उपसून काढले, फोडले, आणि एकेक तुकडा आपापसात वाटून घेतला, चर्चमध्ये रविवारी मंत्रून वाटतात त्या पावासारखा. हे लिहून ठेवलंय त्याच मठातल्या थॉमस वॉल्सिंगम या संन्याशानं. त्याला बंडखोरांचा मनस्वी राग होता. तरी हा तपशील त्यानं गाळला नाही, आणि म्हणून तो आपल्यापर्यंत आला.

बंड का उठलं? १३४८मध्ये प्लेग इंग्लंडात उतरला आणि देशाची तिसरा हिस्सा ते निम्मी वस्ती मेली. आपल्याकडे १८९६नंतर लोकांना गाव सोडून रानात झोपड्या बांधायला लावणारा प्लेग तोच, त्याच जिवाणूचा. माणसं मेली, जमीन तेवढीच राहिली. सुगीच्या ऐन घाईत मजूर न मिळणं म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. मजुरी वाढली, बांधील कुळं पळून जाऊन चार पैसे जास्त देईल त्याच्याकडे राबू लागली. तेव्हा जमीनदारांच्या पार्लमेंटनं १३५१मध्ये कायदा केला. मजुरी प्लेगच्या आधीच्या दरानंच घ्यायची. कापणीला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दिवसाला २ पेन्स, दुसऱ्या आठवड्यात ३, आणि वर जेवण द्यायचं नाही. कायदा मोडणाऱ्याचे पाय लाकडी खोड्यात अडकवायचे, त्यासाठी गावोगाव खोडे तयार ठेवायचे. लँगलंडच्या काव्यात हे मजूर आहेत. शिळा कोबी नको म्हणतात, गरम तळलेला मासा मागतात, आणि असले कायदे करणाऱ्या राजाला आणि त्याच्या सल्लागारांना शिव्या घालतात. लँगलंडला त्यांचा हट्ट पटत नव्हता. पण तो त्यांचं म्हणणं ऐकून होता.

त्यावर डोईपट्टी आली. १५ वर्षांवरच्या दर माणशी १२ पेन्स, म्हणजे कायद्यानं ठरवलेली चार ते सहा दिवसांची कापणीची मजुरी, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसामागं. १३८१च्या उन्हाळ्यात एसेक्स आणि केंट परगण्यांतले लोक लंडनवर चालून गेले. वॉट टायलर पुढं होता, जॉन बॉल हा धर्मोपदेशक त्यांच्यासोबत होता. आदम रान खणत होता आणि ईव्ह सूत कातत होती, तेव्हा सरदार कोण होता, असा त्याचा सवाल होता. १४ वर्षांच्या राजा दुसऱ्या रिचर्डपुढं लोकांनी मागणी ठेवली : बांधीलकी संपवा आणि जमिनीचा खंड एकरी ४ पेन्स करा. राजानं सनदा लिहून दिल्या. टायलर मारला गेल्यावर थोड्याच दिवसांत त्या सनदा रद्द झाल्या. जॉन बॉलला १५ जुलैला फाशी दिलं, तेही सेंट ऑल्बन्सलाच.

गावोगाव लोकांनी एक काम आधी केलं. मालकाची दप्तरं बाहेर काढून जाळली. कोण कुणाचं बांधील कूळ हे त्या दप्तरात लिहिलेलं होतं. १८७५मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतं आणि दस्तऐवज काढून जाळले, ते याच कारणासाठी. अक्षर न वाचता येणाऱ्या माणसालाही आपलं बंधन कुठल्या कागदावर आहे ते पक्कं ठाऊक असतं.

आणि आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. या बंडात हातोहात फिरलेली काही पत्रं इतिवृत्तांत उतरवलेली आहेत. त्यांत पिअर्स प्लाऊमनचं नाव येतं : पिअर्सनं आपल्या कामाला लागावं. दुसऱ्या एका पत्रात जॅक मिलर, म्हणजे जॅक गिरणीवाला, आपली गिरणी नीट फिरावी म्हणून मदत मागतो. तो म्हणतो, मी बारीक, फार बारीक दळलंय. लँगलंडनं धर्मचिंतनासाठी उभा केलेला नांगऱ्या असा रस्त्यावर उतरला. शेतकऱ्याबद्दल लिहिलेलं काव्य शेतकऱ्यांनी आपलं म्हणून उचललं, याहून मोठा मान मध्ययुगातल्या कुठल्या इंग्रज कवीला मिळालेला मला माहीत नाही.

प्रश्न : ज्ञानेश्वरी शके १२१२ची. त्या सुमारास इंग्रजीत काय चाललं होतं?
– एक सेवानिवृत्त वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : शके १२१२ म्हणजे इ. स. १२९०. तेव्हा इंग्रजी ही रानातली, बाजारातली, स्वयंपाकघरातली भाषा होती. १०६६मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं, तेव्हापासून दरबार आणि कचेरी फ्रेंचमध्ये, देऊळ आणि दप्तर लॅटिनमध्ये. इंग्रजीत कविता होत होत्या, पण ज्ञानदेवांनी नेवाशाला मराठीतून जे उभं केलं त्या तोडीचं काम इंग्रजीत व्हायला आणखी नव्वदेक वर्षं जावी लागली. १३६२मध्ये कोर्टातले युक्तिवाद इंग्रजीत करावेत असा कायदा झाला, कारण लोकांना फ्रेंच कळत नव्हतं. तो कायदा लिहिला मात्र फ्रेंचमध्येच. ‘कँटरबरी टेल्स’ लिहिणाऱ्या चॉसर या कवीचा मित्र जॉन गॉवर यानं तीन मोठे ग्रंथ लिहिले : एक फ्रेंचमध्ये, एक लॅटिनमध्ये, एक इंग्रजीत. लॅटिन ग्रंथात त्यानं १३८१च्या बंडखोरांना पिसाळलेली जनावरं म्हणून रंगवलंय, आणि ते अशा भाषेत की त्या बंडखोरांना एक ओळही वाचता येऊ नये.

धर्मग्रंथ लोकभाषेत आणण्याची लढाई तिथंही झाली. जॉन विक्लिफ या धर्मसुधारकाच्या अनुयायांनी १३८०नंतर बायबल इंग्रजीत आणलं. १४०९मध्ये आर्चबिशप अरुंडेलनं परवानगीशिवायच्या अशा भाषांतरांवर बंदी घातली. १४२८मध्ये विक्लिफची हाडं थडग्यातून उकरून जाळली आणि राख नदीत टाकली. तरी त्या बायबलच्या अडीचशेच्या आसपास हस्तलिखित प्रती आजही शिल्लक आहेत. बंदी असताना इतकी माणसं हातानं नकलून घेत होती. तुम्हाला हे वाचून आळंदी-पैठणची आठवण येईल. मलाही येते.

प्रश्न : ताई, आमच्याकडे जनाबाई दळता दळता गायली, आणि माझ्या आजीपर्यंत बायका पहाटे जात्यावर ओव्या गायच्या. इंग्लंडातल्या बायकांचं असं काही आहे का? की सगळं पुरुषांनीच लिहिलं?
– एक वाचक भगिनी, गडहिंग्लज

उत्तर : ओव्यांसारखं बायकांच्या तोंडचं गाण्यांचं भांडार तिथं मध्ययुगातून हाती लागत नाही. पण दोन बायका आहेत, आणि त्या दोघींची एकमेकींशी भेटही झाली.

पहिली नॉर्विचची जुलियन. १३७३च्या मे महिन्यात, वयाच्या तिसाव्या वर्षी ती मरणाच्या दारात होती. तेव्हा तिला जे दिसलं ते तिनं इंग्रजीत लिहिलं, आणि पुढं कित्येक वर्षं त्यावर विचार करून पुन्हा विस्तारानं लिहिलं. ती चर्चला लागून असलेल्या एका खोलीत स्वतःला कायमची कोंडून घेऊन राहायची. तळहातावर मावणारी, हेझलनटच्या बीएवढी एक वस्तू तिला दिसली, आणि कळलं की निर्माण झालेलं सगळं जग ते एवढंच. ती देवाला आई म्हणते. विठाई म्हणणाऱ्या आपल्या कानांना ते किती ओळखीचं वाटतं! जिच्याबद्दल खात्रीनं सांगता येतं अशी इंग्रजीत ग्रंथ लिहिणारी ही पहिली स्त्री.

दुसरी लिन बंदरातली मार्जरी केंप, नगराध्यक्षाची मुलगी, १४ मुलांची आई. तिनं आधी बिअर गाळण्याचा धंदा काढला. तीन-चार वर्षं बरा चालला, मग बुडाला. त्यानंतर तिनं काय काढावं? गिरणी. घोड्यांनी ओढायची. दोन चांगले घोडे घेतले, एक गडी ठेवला. एक दिवस गड्यानं घोडा जुंपला तर तो ओढेना. डोकं धरून ओढलं, टाच मारली, चाबकानं बडवलं, तरी घोडा मागं मागं सरायला लागला. दुसरा जुंपला, त्यानंही तेच. गडी काम सोडून गेला. गावात बोभाटा झाला की हिला शाप लागलाय. मार्जरीनं यात देवाची खूण पाहिली आणि संसाराच्या हव्यासातून मन काढून घेतलं. पुढं ती जेरुसलेमला जाऊन आली, भर रस्त्यात देवासाठी मोठमोठ्यानं रडली, पाखंडी म्हणून चौकशांना उभी राहिली आणि सुटली. तिला लिहिता येत नव्हतं. १४३०च्या दशकात तिनं सगळं सांगून दुसऱ्याकडून लिहवून घेतलं. ती पूर्ण वही शतकानुशतकं बेपत्ता होती. १९३४मध्ये एका इंग्रज कुटुंबाच्या घरातल्या कपाटात ती सापडली. इंग्रजीतलं पहिलं ज्ञात आत्मचरित्र हे, सांगून लिहवून घेणाऱ्या बाईचं.

ज्या बायकांना सांगायलाही कुणी मिळालं नाही, त्यांच्यासाठी पुन्हा लँगलंडकडे जावं लागतं. काव्याच्या शेवटच्या पाठात त्यानं खोपटातल्या बायकांबद्दल काही ओळी वाढवल्या. सूत कातून जे वाचतं ते घरभाड्यात जातं, उरलेलं दूध-पिठात, रडणाऱ्या पोरांसाठी पेज करायला. स्वतः उपाशी. हिवाळ्याच्या रात्री उठून पाळणा हलवायचा, लोकर पिंजायची, विंचरायची, ठिगळं लावायची, धुवायचं, दिव्याच्या वातीसाठी लव्हाळे सोलायचे. मागायची लाज वाटते म्हणून दुपारची आणि रात्रीची नड शेजाऱ्यापासून लपवायची. आणि मधेच कवी म्हणतो, या बायकांचं दुःख वाचायचं किंवा कवितेत मांडायचं तर काळीज कळवळतं. शेजारणीपासून लपवलेली नड ज्यानं पाहिली, तो माणूस त्या खोपटांच्या फार जवळ राहिलेला असणार.

प्रश्न : मॅडम, मी एम. ए. इंग्रजी करतोय, शिवाय सेटची तयारी. गाइडमध्ये चॉसर म्हणजे ‘इंग्रजी कवितेचा जनक’ एवढंच पाठ करून घेतात. मूळ वाचायला बसलो तर भाषा अंगावर येते. कुठून सुरुवात करू? आणि ‘कँटरबरी टेल्स’ म्हणजे आपली वारीच का?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : वारीचं आधी. यात्रा आहे, पण वारी नाही. थॉमस बेकेट या आर्चबिशपचा ११७०मध्ये कँटरबरीच्या चर्चमध्येच खून झाला, त्याच्या समाधीला ही मंडळी निघालीत, घोड्यांवरून, लंडनजवळच्या टॅबर्ड नावाच्या खानावळीतून. पालखी नाही, दिंडी नाही, अभंग नाहीत. वाट कमी व्हावी म्हणून गोष्टी सांगायच्या ठरतात, आणि काव्य संपतं तोवर ते कँटरबरीला पोचतही नाहीत. सारखेपणा एवढाच की एरवी एका ओळीत न बसणारी माणसं एका रस्त्यावर आली.

सुरुवात पहिल्या ओळीपासून करू नकोस. प्रस्तावनेतल्या ५४५व्या ओळीपासून ५६६पर्यंत वाच. तो गिरणीवाला आहे. धिप्पाड, नाकावर मस, मसावर लाल केस, तोंड भट्टीएवढं. धावत जाऊन डोक्यानं दार फोडणारा. आणि कुस्तीत बक्षिसाचा मेंढा नेहमी तोच जिंकणारा. वर्गात ही ओळ वाचली की तालमीतली पोरं मागच्या बाकावरून पुढं वाकायची. खासबागच्या मैदानाशेजारी वाढलेल्या पोराला चॉसर परका वाटायचं कारणच नाही. हा गिरणीवाला धान्य चोरतो आणि दळणाचं माप तिप्पट घेतो. घरी जातं ठेवायची बंदी आणि गिरणी एकच, हे शिरोळच्या वाचकांना वर सांगितलंय. ते वाचलंस की या ओळींमागची गावाची चीड तुला कळेल.

तिथून गिरणीवाल्याच्या गोष्टीच्या प्रस्तावनेकडे जा. पहिली गोष्ट सरदाराची झालीय. खानावळवाला आता मठवासी संन्याशाला सांगायला बोलावतो, म्हणजे मानाच्या उतरंडीप्रमाणं. तेवढ्यात झिंगलेला गिरणीवाला मधे पडतो, आता मी सांगणार म्हणतो, आणि सांगतो. ज्याला राग येईल त्यानं पान उलटून दुसरी गोष्ट निवडावी, असं चॉसर वाचकाला सुचवतो. माझ्या मते संपूर्ण ग्रंथातली सर्वांत मोठी घटना ही आहे. बोलण्याची पाळी मोडली. चॉसर सरकारी नोकर होता, लंडनच्या बंदरात लोकरीच्या जकातीचा हिशेब ठेवणारा. त्याचं घर ऑल्डगेट या वेशीच्या वर होतं आणि एसेक्सचे बंडखोर १३८१मध्ये त्याच वेशीतून शहरात आले. त्या बंडाचा थेट उल्लेख त्यानं एका कोंबड्याच्या गोष्टीत ओझरता केलाय, तेवढाच. पण ही पाळी मोडण्याची कल्पना त्या वर्षांतून गेलेल्या माणसालाच सुचू शकते, असं मला मनापासून वाटतं.

त्याच्या मर्यादाही डोळे उघडे ठेवून बघ. यात्रेकरूंमध्ये एक नांगऱ्याही आहे, शेणखत वाहणारा, गरिबासाठी फुकट राबणारा, सज्जन. त्याला चॉसरनं एकही गोष्ट दिली नाही. नंतर सोळाव्या शतकातल्या छापील आवृत्तीत दुसऱ्याच कुणाचं काव्य त्याच्या नावावर घुसडलं गेलं. पुढं रीव्हची, म्हणजे कारभाऱ्याची गोष्ट येते. ट्रंपिंग्टनचा गिरणीवाला केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांचा घोडा सोडून देतो आणि ते त्यामागं धावत असताना त्यांचं पीठ चोरतो. इथपर्यंत ती फार खुमासदार आहे. पण सूड उगवला जातो तो त्याच्या बायको-मुलीच्या अंगावर. टीकेची पुस्तकं ते हसण्यावारी नेत आली. तू नेऊ नकोस.

भाषेचं म्हणशील तर मोठ्यानं वाच. शब्दाच्या शेवटी लिहिलेला ‘ई’ पुष्कळदा उच्चारायचा असतो. तो उच्चारला की चाल आपोआप सापडते. डाव्या पानावर मूळ, उजव्या पानावर आजची इंग्रजी अशी आवृत्ती घे. करवीर नगर वाचन मंदिरात आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी कर. लँगलंडसाठी दुसऱ्या पाठातला सहावा सर्ग भुकेचा आणि तिसऱ्या पाठातला नववा सर्ग खोपटातल्या बायकांचा. सेटच्या पेपरात हे येवो न येवो, आधी हे दोन सर्ग वाच आणि मग गाइड उघड.

यॉर्कच्या रस्त्यांवर कारागिरांच्या श्रेणी गाड्यांवरून नाटकं करायच्या, त्याबद्दल राधानगरीहून आलेला प्रश्न मोठा आहे. तो पुढच्या अंकात घेते.